चार आण्याची विहीर आणि झेड-व्हीएमचा शेड्युलर

साक्री तालुक्यात आमची विहीर सामाईक आहे. सातबाऱ्यावर इतर हक्कात आबांच्या नावापुढे चार आणे हिस्सा, बाकी बारा आणे तिघा चुलत आजोबांकडे. पावसाळ्यात आणि पार दिवाळीपर्यंत या चार आण्यांची कोणाला आठवण पण येत नाही, पाणी वर असतं, ज्याला पाहिजे तो मोटर टाकतो आणि कांदा भिजवतो. मार्च लागला, पाणी तळाला गेलं की मग वही निघते, पाळी लागते, आणि थ्री-फेज लाइट रात्रीची असली तर दोन वाजता कोणीतरी बॅटरी घेऊन बांधावर उभा राहतो आणि ओरडतो, "मना हिस्सा कोठे ग्या रे भो?"

मी मेनफ्रेमवर झेड-व्हीएम, म्हणजे एकाच मशीनवर अनेक सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर, सांभाळतो आणि तिथं मला जे फोन येतात त्यातले बरेच याच प्रश्नाचे असतात. सर्व्हर स्लो चाललाय, आमचा सीपीयू कुठे गेला, आमचा शेअर वाढवून द्या. धुळ्या-जळगावची पोरं आता या कामाला लागताहेत, त्यांना मॅन्युअल दिलं की दहा मिनिटांत ती गप्प होतात, कारण त्यात सगळं लिहिलेलं असतं पण कशासाठी ते लिहिलेलं नसतं. विहीर मात्र त्यांना सगळ्यांना माहीत असते. म्हणून हे विहिरीवरून सांगतो.

आधी मशीन. मेनफ्रेम म्हणजे आयबीएमचं कपाटाएवढं मशीन, बँका आणि विमा कंपन्यांचे व्यवहार त्यावर चालतात, २०२२ ला आलेल्या झेड-१६ मध्ये २०० पर्यंत कोअर वापरायला मिळतात. या मशीनचे आधी मोठे तुकडे पाडतात, त्यांना एलपार म्हणतात, आणि त्यातल्या एका एलपारमध्ये झेड-व्हीएम बसवतात. मग झेड-व्हीएम आपल्या पोटात शंभर, दोनशे व्हर्च्युअल मशीन चालवतं, त्यांना म्हणायचं गेस्ट. आजकाल बहुतेक गेस्ट लिनक्सचे असतात. प्रत्येक गेस्टला वाटतं की हे मशीन माझ्या एकट्याचं आहे. ही करामत क्लाउडवाल्यांनी शोधली असं पुष्कळ जणांना वाटतं, पण आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केलं ते १९७२ मध्ये, आणि त्याच्याही आधी साठच्या दशकात सीपी-४० आणि सीपी-६७ होतेच. म्हणजे सीपीयूच्या वाटणीचा हा प्रश्न पन्नास वर्षांहून जुना आहे, आणि त्याची उत्तरं चांगली घासूनपुसून झालेली आहेत.

आता खरे प्रोसेसर समजा आठ आहेत आणि एकाच क्षणी वीस गेस्टना काम आहे. कोणाला आधी द्यायचं, किती वेळ द्यायचं, हे जो ठरवतो तो शेड्युलर. पांझरेकाठच्या माणसाला मी एवढंच सांगतो की शेड्युलर म्हणजे फडावरचा पाटकरी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडं नदीवर बंधारे घालून पाटाने पाणी आणायची फड पद्धत तीनचारशे वर्षांपासून आहे, शेताचे मोठे फड पाडलेले, आणि कोणत्या शेतात कधी पाणी सोडायचं हे शेतकरी स्वतः ठरवत नाही, गावाने नेमलेला पाटकरी ठरवतो. शेतकरी दारं उघडायला जात नाही. गेस्टचं पण तसंच, गेस्ट स्वतःहून प्रोसेसर घेऊ शकत नाही, तो फक्त तयार होऊन उभा राहतो. झेड-व्हीएमचा पाटकरी प्रत्येक तयार गेस्टला एक डेडलाइन लावून देतो, ज्याचा हिस्सा मोठा त्याची डेडलाइन जवळची, जवळच्या डेडलाइनवाला आधी धावतो, आणि एका वेळचं टाइमस्लाइस सहसा ५ मिलिसेकंदांचं असतं. ते संपलं की पुन्हा रांग बघायची.

हा हिस्सा म्हणजे शेअर. कमांड साधी आहे, सेट शेअर, गेस्टचं नाव, आणि पुढे रिलेटिव्ह किंवा ॲब्सोल्युट. कोणी काही सांगितलं नसेल तर प्रत्येक गेस्टला रिलेटिव्ह १०० मिळतो, १ पासून १०००० पर्यंत काही पण देता येतं. रिलेटिव्ह म्हणजे आण्यांतला हिस्सा पण एकूण आणे किती ते ठरलेलं नाही. तीन गेस्ट आहेत, १००, १०० आणि २००, तिघं भुकेले आहेत, तर पाव, पाव आणि अर्धा. चौथा १०० वाला आला की एकूण ५०० झाले, सगळ्यांचा वाटा आपोआप बारीक. आणि उलट पण, तिघंच असताना तो २०० वाला झोपला तर उरलेल्या दोघांना अर्धा-अर्धा, कारण शेड्युलर फक्त ज्याला काम आहे त्यालाच हिशोबात धरतो, लॉगऑन होऊन नुसता बसलेला असेल त्याला मोजत नाही. ॲब्सोल्युट म्हणजे टक्के. ॲब्सोल्युट २० म्हणजे त्या एलपारच्या सगळ्या प्रोसेसरांच्या मिळून २० टक्के, किती पण गर्दी झाली तरी. आधी ॲब्सोल्युटवाल्यांचं काढून ठेवतात आणि उरलेल्यात रिलेटिव्हवाले. म्हणून सगळ्यांना ॲब्सोल्युट वाटत सुटलं की बेरीज शंभराच्या वर जाते, मग झेड-व्हीएम सगळ्यांचे टक्के खाली दाबून ९९ मध्ये बसवतं आणि तुम्ही ज्याला २० लिहिलं त्याला २० मिळतच नाहीत. मी स्वतः ॲब्सोल्युट फार थोड्यांना देतो, बाकी रिलेटिव्ह.

या सगळ्यात पोरांच्या डोक्यात एकच गोष्ट बसावी असं मला मनापासून वाटतं, ती ही की शेअर वाढवला म्हणजे सीपीयू वाढत नाही. विहिरीत पाणी तेवढंच. पाणी भरपूर असेल तेव्हा चार आणेवाल्याला आणि आठ आणेवाल्याला सारखंच मिळतं, पाहिजे तेवढं. शेअरचा आकडा फक्त टंचाईत बोलतो. मशीन ४० टक्के बिझी आहे आणि कोणी म्हणतंय आमचा शेअर दुप्पट करा, तर करून द्या हवं तर, पण त्याने एक मिलिसेकंद पण कमी होणार नाही, कारण तो गेस्ट सीपीयूसाठी थांबलेलाच नाहीये, तो डिस्कसाठी थांबलाय किंवा मेमरीसाठी किंवा त्याच्याच प्रोग्रामच्या लॉकसाठी.

आता ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त लोकं फसतात ती. शेअर गेस्टला असतो, पण आत त्याच्या व्हर्च्युअल सीपीयूंमध्ये, म्हणजे झेड-व्हीएमने त्याला खरे म्हणून दाखवलेल्या सीपीयूंमध्ये, तो वाटला जातो. आबांचे चार आणे होते. आबांना चार पोरं. पोरं वेगळी निघाली म्हणून विहीर काही चार आण्याची सोळा आण्याची होत नाही, प्रत्येकाच्या वाट्याला एक आणा येतो. तसंच गेस्टला रिलेटिव्ह २०० आहे आणि २ व्हर्च्युअल सीपीयू आहेत तर प्रत्येक सीपीयूमागे १०० पडतात. त्याला तुम्ही ८ सीपीयू केले आणि शेअर तोच ठेवला तर प्रत्येकामागे २५.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका ठिकाणी डेटाबेसचा गेस्ट होता, महिनाअखेरीला बॅच, म्हणजे साठलेल्या कामांचा गठ्ठा, उशिरा संपत होती, तर ॲप्लिकेशनवाल्यांनी मागणी केली की सीपीयू वाढवा, आणि २ चे ८ करून दिले. पुढच्या महिन्यात बॅच अजून उशिरा. सगळे म्हणायला लागले मेनफ्रेमच स्लो आहे. मी लिनक्समध्ये टॉप, म्हणजे सीपीयूचा वेळ कुठे जातोय ते दाखवणारी कमांड, लावून बसलो. टॉपच्या वरच्या ओळीत सगळ्यात शेवटी एक आकडा असतो, एसटी लिहिलेला, पुष्कळ जण त्याकडे बघतच नाहीत. ती चोरीची नोंद, म्हणजे हा सीपीयू धावायला तयार होता पण खालच्या झेड-व्हीएमने त्याला खरा प्रोसेसर दिला नाही, तेवढा वेळ. काम करणाऱ्या सीपीयूपुढे तो आकडा ३० च्या वर खेळत होता. आणि आठ सीपीयूंपैकी खरं काम एकच करत होता, कारण ती बॅच एकाच धाग्यावर, म्हणजे एका वेळी एकाच सीपीयूवर, चालणारी होती. म्हणजे त्या एका सीपीयूजवळ फक्त २५ होते, आणि शेजारी एकेका सीपीयूचे साधे गेस्ट १०० घेऊन बसलेले, रांगेत प्रत्येक वेळी ते त्याच्या पुढे. आठ पोरांत वाटलेली जमीन आणि कसणारा एकच, बाकीच्यांच्या वाट्याचं पाणी त्याच्या शेतात कसं येणार.

त्या रात्री लिनक्समधून पाच सीपीयू ऑफलाइन केले, तीन ठेवले, आणि शेअर ३०० केला, म्हणजे परत प्रत्येकामागे १००. चोरीचा आकडा माझ्यासमोर खाली आला. तेव्हापासून माझा नियम आहे की एका व्हर्च्युअल सीपीयूमागे १०० धरून सुरुवात करायची आणि मग ज्याचं काम खरंच महत्त्वाचं त्याला वर न्यायचं, आणि गरज नसताना सीपीयू द्यायचेच नाहीत, एलपारमध्ये जेवढे प्रोसेसर आहेत त्याहून जास्त तर कधीच नाही.

शेअरला वरून झाकण पण घालता येतं. लिमिटसॉफ्ट म्हणजे मर्यादेच्या वर जाऊ नको, पण दुसऱ्या कोणाला नकोच असेल तर वापर. लिमिटहार्ड म्हणजे विहीर भरलेली असली तरी तुला यापुढे नाही. दोन-चार वेड्यासारखे फिरणारे टेस्ट गेस्ट असतात त्यांना लिमिटसॉफ्ट बरं पडतं. लिमिटहार्ड मी तेव्हाच लावतो जेव्हा कोणी पैसे तेवढ्याच कपॅसिटीचे भरलेत, आणि अनेक गेस्टना मिळून मर्यादा घालायची असेल तर सीपीयू पूल करता येतो, लायसनच्या हिशोबासाठी लोकं तो वापरतात.

इथपर्यंत सीपीयूचं झालं. पण माझ्या अनुभवात गेस्ट पार गोठल्यासारखा होतो, पिंगला उत्तर नाही, कन्सोलवर एंटर मारलं तर काहीच नाही, तेव्हा कारण सीपीयू नसतं. तेव्हा गेटवर जाऊन बघायचं.

कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या बाहेर ट्रॅक्टरची रांग बघितली असेल. आत यार्डात जेवढे मावतात तेवढेच घेतात, बाकीचे टोकन घेऊन रस्त्यावर. आत असलेल्यांत पण रांग आहे, काट्यावर नंबर येईल तसा, पण ते निदान हलत तरी असतात. बाहेरचा रात्रभर जागचा हलत नाही. झेड-व्हीएममध्ये आतल्या यार्डाला म्हणतात डिस्पॅच लिस्ट आणि बाहेरच्या रस्त्याला एलिजिबल लिस्ट. ज्याला कामच नाही तो घरी, म्हणजे डॉर्मंट. शेअर वगैरे सगळं जे वर सांगितलं ते यार्डाच्या आतलं. जो गेटबाहेर आहे त्याचा शेअर १०००० असला तरी त्याला प्रोसेसर मिळत नाही.

आत कोणाला घ्यायचं हे ठरतं मेमरीवरून. गेस्टचे वर्ग पाडतात, पटकन काम करून जाणारा एक नंबर, मध्यम दोन नंबर, लांब चालणारा तीन नंबर. आणि स्टोरबफ नावाची सेटिंग आहे, तिच्यात तीन आकडे असतात. पहिला, तिन्ही वर्गांच्या मेमरीची बेरीज खऱ्या मेमरीच्या किती टक्क्यांपर्यंत चालेल, दुसरा, दोन आणि तीन नंबरवाल्यांची मिळून किती, तिसरा, नुसत्या तीन नंबरवाल्यांची किती. जुना डिफॉल्ट होता १२५, १०५, ९५. हे आकडे त्या काळचे जेव्हा माणसं टर्मिनलवर बसून छोट्या छोट्या कमांड द्यायची, कमांड संपली की गेस्ट झोपायचा, एक नंबरात परत यायचा. त्या लोकांसाठी ते उत्तम होते.

मग लिनक्स आला आणि तो झोपेचना. झेड-व्हीएम गेस्टला झोपलेला केव्हा मानतं, तर तो ३०० मिलिसेकंद गप्प राहिला तर. आणि जुना लिनक्स दर १० मिलिसेकंदांनी घड्याळासाठी जागा व्हायचा, काम असो नसो, सेकंदाला शंभर वेळा. म्हणजे त्याचं काम कधी संपलंच नाही असं शेड्युलरला दिसायचं, सगळे लिनक्स गेस्ट हळूहळू तीन नंबरात जाऊन बसायचे, आणि तीन नंबरवाल्यांसाठी यार्डाची हद्द होती फक्त ९५ टक्के. वीस गेस्ट नीट चालायचे आणि एकविसावा सुरू केला की कोणीतरी एकदम गोठायचा. पुढे लिनक्समध्ये टिक बंद करायची सोय आली, आताचा लिनक्स रिकामा असला की खरंच झोपतो. आणि स्टोरबफचा डिफॉल्ट पण बदलून ३००, २५०, २०० झाला. पण जुन्या सिस्टिमवरून उचलून आणलेली कॉन्फिगरेशन फाइल असेल तर तिच्यात कोणीतरी पूर्वी लिहून ठेवलेले आकडे तसेच राहतात, म्हणून नवीन जागी गेलो की मी पहिली कमांड देतो ती क्वेरी एसआरएम. सगळ्या सेटिंग एका स्क्रीनवर दिसतात.

तीनशे टक्के म्हणजे कसं, असं पोरं विचारतात, आहे त्याच्या तिप्पट मेमरी कुठून आली. आली नाही कुठून. सगळे गेस्ट आपली सगळी मेमरी एकाच वेळी हात लावत नाहीत, आणि जी वापरात नाही ती पेजिंग करून डिस्कवर टाकता येते, त्या भरवशावर गेट उघडं ठेवायचं. भरवसा किती ठेवायचा ते तुमच्या पेजिंगच्या डिस्कवर आहे. गेट सताड उघडलं आणि यार्ड लहान असेल तर ट्रॅक्टर आतच अडकतात, कोणालाच काट्यापर्यंत जाता येत नाही, म्हणजे मशीन सगळा वेळ पेजा, म्हणजे मेमरीचे तुकडे, आत-बाहेर करण्यात घालवतं आणि तेव्हा सगळेच गेस्ट एकदम रडतात, आधी निदान एकच रडत होता. एलडीयूबफ ही याचीच बहीण, जे गेस्ट खूप पेजिंग करताहेत असे एका वेळी किती आत घ्यायचे, १००, ७५, ६० हा तिचा डिफॉल्ट. मी तिला सहसा हात लावत नाही. 

कोण आत, कोण बाहेर हे बघायची कमांड म्हणजे इंडिकेट क्यूज. गेस्टच्या नावापुढे क्यू आणि आकडा असेल तर तो यार्डात आहे. ई आणि आकडा असेल तर गेटबाहेर. ई-३ दिसला की मी समोरच्याला फोनवरच सांगतो, तुमच्या लिनक्समध्ये शोधू नका, काही सापडणार नाही, तो बिचारा हँग नाही, त्याला आतच घेतलेलं नाही.

क्विक-डिस्प नावाची एक सोय आहे, ज्याला ती दिली तो गेटवर थांबत नाही, थेट आत, यादीत तो क्यू-० दिसतो. नेटवर्क सांभाळणारं टीसीपीआयपीचं मशीन, व्हीस्विच म्हणजे गेस्टना नेटवर्कला जोडणारा व्हर्च्युअल स्विच सांभाळणारे कंट्रोलर, ज्यांच्यावर बाकी सगळे अवलंबून आहेत अशांना ती द्यायलाच पाहिजे. जिनिंगच्या काटावाल्यालाच गेटबाहेर उभं केलं तर आतल्यांचं वजन कोण करेल. पण प्रत्येक ॲप्लिकेशनवाला येऊन आम्हाला पण क्विक-डिस्प द्या म्हणतो, आणि सगळ्यांना दिलं की गेट उरतच नाही. आणि एक गैरसमज काढून टाकतो, क्विक-डिस्पने सीपीयूचा हिस्सा वाढत नाही, फक्त गेट चुकतं.

झेड-व्हीएमच्या खालच्या थराबद्दल थोडंच. आपलं झेड-व्हीएम ज्या एलपारमध्ये आहे त्या एलपारचा पण हिस्सा आहे, त्याला वेट म्हणतात, आणि तो वाटणारा झेड-व्हीएमच्या पण खाली बसलेला आहे. विहिरीत वरून पाटाचं पाणी येत असेल आणि पाटालाच पाणी कमी सुटलं असेल तर विहिरीवर भांडून काय उपयोग. आवृत्ती ६.३ पासून, म्हणजे २०१३ पासून, झेड-व्हीएम आपल्या प्रोसेसरांची रचना उभी ठेवतं, म्हणजे ज्या प्रोसेसरांवर आपला पक्का हक्क आहे त्यांच्यावर काम गोळा करतं आणि उसन्या मिळालेल्यांना शक्यतो मोकळं सोडतं, आणि एकच गेस्ट शक्यतो त्याच प्रोसेसरवर परत पाठवतं म्हणजे कॅशेमधला, प्रोसेसरजवळच्या छोट्या मेमरीतला, त्याचा डेटा गरम सापडतो. हे चालू असतं, चालू राहू द्यावं.

म्हणून फोन आला की माझा क्रम असा, आधी इंडिकेट लोड, मशीन खरंच भरलंय का, भरलं नसेल तर शेअरचा विषयच नाही. मग इंडिकेट क्यूज, कोणी ई मध्ये आहे का. मग गेस्टच्या आत टॉप, चोरीचा आकडा. मग त्याचे व्हर्च्युअल सीपीयू किती आणि शेअर किती, भागाकार करायचा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि एका वेळी एकच सेटिंग बदलायची, निदान एक पूर्ण दिवसाची पीक वेळ जाऊ द्यायची, मग दुसरी. दोन एकदम बदलल्या तर कोणाचा गुण आला ते कळत नाही.

त्या डेटाबेसच्या गेस्टचं अजून एक राहिलं. त्या रात्री सगळं सुरळीत झालं, महिनाअखेर पार पडली, आणि पुढच्या रविवारी मेंटेनन्समध्ये तो गेस्ट लॉगऑफ होऊन परत वर आला. सोमवारी सकाळी फोन, परत स्लो. सेट कमांडने दिलेला शेअर लॉगऑफपर्यंतच टिकतो, आणि लिनक्सने ऑफलाइन केलेले सीपीयू पण बूट झाल्यावर परत जागे झाले होते, आठच्या आठ, शेअर २००, पुन्हा पंचवीस-पंचवीस. आमच्याकडं बांधावर तोंडी ठरलेली पाळी पुढच्या उन्हाळ्यात कोणाला आठवत नाही, तलाठ्याकडं नोंद लागते. झेड-व्हीएमची तलाठी कचेरी म्हणजे युजर डिरेक्टरी. त्या दुपारी डिरमेंटने, म्हणजे ती डिरेक्टरी बदलायच्या साधनाने, त्या गेस्टच्या नोंदीत सीपीयू तीन केले, खाली शेअर रिलेटिव्ह ३०० ही ओळ घातली, परवानगी घेऊन एकदा मुद्दाम लॉगऑफ करून परत उठवला, आणि क्वेरी शेअर मारून ३०० दिसल्यावरच डबा उघडला.